सूर्याचं वादळ आणि आपली लाईट



कर्जाची परतफेड, शेळीपालन, शिलाई मशीन या नेहमीच्या विषयांना आज आपण थोडी सुट्टी देऊ. आजचा विषय आहे सूर्यावर उठणारं वादळ आणि त्यापासून विजेच्या तारांना होणारा धोका. तुम्ही म्हणाल, सूर्य कुठे आणि आमची डीपी कुठे! पण हा प्रश्न तुमच्याच बैठकांमधून आमच्याकडे आला आहे. दर काही महिन्यांनी मोबाईलवर एक मेसेज फिरतो. आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद करून लांब ठेवा, अंतराळातून घातक किरणं येणार आहेत, असं त्यात असतं. काही जणी घाबरून मोबाईल डब्यात ठेवतात. काही जणी हसून सोडून देतात आणि म्हणतात, सूर्यावर कसलं आलंय वादळ! आम्ही सांगतो, मेसेज खोटा आहे, पण वादळ खरं आहे. त्यातलं खरं किती आणि खोटं किती, हे आज नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट. सूर्याचं वादळ म्हणजे ऊन वाढणं नव्हे. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चढतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. सूर्य हा पेटलेल्या वायूचा प्रचंड गोळा आहे आणि त्याच्या अंगी चुंबकाचा गुण आहे. कधी कधी त्याच्यावर स्फोट होतो आणि विजेचे कण भरलेला ढग बाहेर फेकला जातो. तो आपलं चुंबकत्व सोबत घेऊन निघतो. हा ढग पृथ्वीच्या दिशेने आला, तर इथे पोहोचायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. साधारण दर अकरा वर्षांनी सूर्य असा जोरात येतो. अलीकडचा जोर २०२४ च्या सुमाराचा.

आपली पृथ्वीसुद्धा एक मोठा चुंबक आहे. म्हणून तर होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते. सूर्याकडून आलेला ढग पृथ्वीच्या या चुंबकाला धक्का देतो, तेव्हा होकायंत्राची सुई थरथरते. याला भूचुंबकीय वादळ म्हणतात. माणसाला, गाईम्हशीला, पोटातल्या बाळाला यापासून इजा होत नाही. आपल्या डोक्यावर हवेचं जाड पांघरूण आहे आणि पृथ्वीचं चुंबकत्व ढालीसारखं उभं आहे. गरोदर बाईने घरात बसून राहावं, असं यात काही नाही.

मग धोका कुणाला? लांब तारांना. पूर्वी सायकलच्या चाकाला डायनॅमो असायचा, तो आठवा. चाक फिरलं की आतला चुंबक फिरायचा आणि दिवा लागायचा. तारेजवळ चुंबक हलला की तारेत वीज तयार होते, एवढाच त्याचा नियम. सूर्याच्या वादळात पृथ्वीचा अख्खा चुंबक हलतो. त्यामुळे जमिनीत आणि जमिनीवरून गेलेल्या लांबलचक तारांमध्ये वीज उठते. तार जितकी लांब, तितका परिणाम जास्त. घरातली वायर दहा-वीस हातांची, तिच्यात काही कळणारही नाही. गावच्या डीपीपर्यंत येणारी लाईन काही किलोमीटरची, तिलाही याची फारशी झळ नाही. सौर पंपाची तार तर आणखी आखूड. परंतु टावरवरून जाणाऱ्या मोठ्या लाईनी शेकडो किलोमीटर जातात. त्यांच्या दोन्ही टोकांना अवाढव्य ट्रान्सफॉर्मर असतात आणि त्यांचं आर्थिंग जमिनीत खोल गेलेलं असतं. जमिनीत उठलेली ही वीज त्या आर्थिंगच्या वाटेने ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते.

आपली लाईट सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. ट्रान्सफॉर्मर तसाच बांधलेला असतो. सूर्याच्या वादळाची वीज मात्र एकाच बाजूला रेटत राहते, बॅटरीच्या विजेसारखी. त्याने ट्रान्सफॉर्मरच्या आतला लोखंडी गाभा चुंबकत्वाने भरून जातो. घरघर वाढते, आतून तो तापतो, तेल गरम होतं आणि व्होल्टेज घसरतं. वादळ मोठं असेल तर ट्रान्सफॉर्मर कायमचा खराबही होऊ शकतो.

ही नुसती कल्पना नाही. याची सगळ्यात मौल्यवान नोंदींपैकी एक आपल्याच महाराष्ट्रात झालेली आहे.

मुंबईत कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा उभी राहिली. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचं मोजमाप १८४१ पासून होऊ लागलं. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाच्या अभ्यासकाला सूर्यावरच्या डागांपाशी अचानक लख्ख प्रकाश दिसला. साडेसतरा-अठरा तासांत वादळ पृथ्वीवर आदळलं. त्या वेळी घरोघरी लाईट नव्हती. लांब तारा होत्या त्या फक्त तार ऑफिसच्या. अमेरिकेत बोस्टन ते पोर्टलंड या तारेवरच्या माणसांनी बॅटरी काढून ठेवली आणि केवळ वादळाच्या विजेवर दोन तास निरोप पाठवले. काही तार ऑफिसांत माणसांना झटके बसले.

अनेक वेधशाळांमध्ये स्वतः नोंद करणाऱ्या यंत्रांच्या खुणा कागदाबाहेर गेल्या, म्हणून वादळ नेमकं किती मोठं होतं ते तिथे कळलं नाही. कुलाब्यात मात्र माणसं डोळ्यांनी पाहून हाताने आकडा लिहीत होती. वादळात त्यांनी हात आखडता घेतला नाही, उलट कमी-कमी वेळाने आकडे टिपले. २ सप्टेंबरला तिथलं चुंबकत्व सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद झाली. नॅनोटेस्ला हे चुंबकत्व मोजायचं माप. सोप्या हिशेबात, शंभरातले चार भाग काही वेळापुरते नाहीसे झाले. ही वही पुढे पिढ्यान्पिढ्या जपली गेली. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत त्याच जुन्या आकड्यांवरून त्या वादळाची ताकद मांडली आणि जगाचं लक्ष कुलाब्याकडे गेलं. ताईंनो, गटाचं रजिस्टर वेळच्या वेळी लिहा, असं आम्ही दर बैठकीत का म्हणतो, ते यावरून पटावं. आज लिहिलेला आकडा दीडशे वर्षांनीही कामाला येऊ शकतो.

४ फेब्रुवारी १८७२ रोजीही असंच मोठं वादळ झालं. ध्रुवाजवळच्या देशांत आकाशात जो रंगीत प्रकाश दिसतो, तो त्या रात्री मुंबईतून दिसल्याची नोंद आहे. म्हणजे आपण ध्रुवापासून लांब असलो तरी असं वादळ आपल्याला अगदीच परकं नाही.

पुढे मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार असं ठरलं. तिच्या विजेने कुलाब्याच्या सुया हलल्या असत्या. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. तिच्या बांधकामात चुंबकाला लागेल असं लोखंड वापरलं नाही. नानाभाई मूस हे कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक. त्यांच्या देखरेखीखाली १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे सोबतच मोजमाप चाललं, म्हणजे जुने आणि नवे आकडे जुळावेत. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्य कार्यालय नवीन पनवेलला आहे.

आता लाईटच्या काळातली गोष्ट. १३ मार्च १९८९, पहाटे पावणेतीनची वेळ. कॅनडा देशातल्या क्युबेक प्रांतात कडाक्याची थंडी होती. सूर्याचं वादळ आलं आणि अवघ्या दीड मिनिटात अख्ख्या प्रांताची लाईट गेली. साठ लाख माणसं अंधारात. लाईट परत यायला नऊ तासांच्या आसपास लागले. शेजारच्या अमेरिकेत एका अणुवीज केंद्राचा मोठा ट्रान्सफॉर्मर जळून निकामी झाला.

हे दीड मिनिटात कसं घडलं? त्याचं उत्तर तुमच्या शेतातल्या मोटरपाशी आहे. मोटरला दोन तऱ्हेची वीज लागते. एक पाणी उचलायला, दुसरी मोटरच्या आत चुंबकत्व तयार करायला. ही दुसरी वीज पाणी उचलत नाही, पण तारेत गर्दी करते. तिच्यामुळे व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरते, डीपी तापते. मोटरला कपॅसिटर लावला तर ती दुसरी वीज जागच्या जागी मिळते आणि तारेवरचा बोजा उतरतो. सूर्याच्या वादळात मोठे ट्रान्सफॉर्मर एकाएकी हीच दुसरी वीज भरमसाठ मागू लागतात. क्युबेकमध्ये ती पुरवणारी सात मोठी यंत्रं होती. वादळाच्या गडबडीत ती एकामागून एक, मिनिटभरात बंद पडली. टेकू निघाला आणि छप्पर बसलं, तसं झालं. म्हणजे मोठ्या लाईनीचा आजार आणि आपल्या शिवारातल्या लाईनीचा आजार, दोन्ही एकाच जातीचे आहेत. फक्त आकार वेगळा.

मग आपल्याला किती धोका? घाबरवायचं नाही आणि झाकायचंही नाही, म्हणून सरळ सांगतो. या वादळाचा सगळ्यात जास्त जोर ध्रुवाजवळच्या देशांत असतो. नांदेड-लातूर ध्रुवापासून खूप दूर, म्हणून आपल्याला धोका कमी आहे. पण शून्य नाही. २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या वादळात स्वीडनच्या माल्मो शहरात लाईट गेली, तो देश ध्रुवाकडचा आहे. परंतु त्याच वादळानंतरच्या महिन्यांत दक्षिण आफ्रिकेतही काही मोठे ट्रान्सफॉर्मर खराब झाले आणि तिथल्या अभ्यासकांनी त्याचा संबंध वादळाशी जोडला. तो देश ध्रुवापासून बराच लांब आहे.

दुसरं म्हणजे, आता देशभराच्या तारा एकमेकींना जोडलेल्या आहेत. ३१ डिसेंबर २०१३ रोजी आपल्या शेजारच्या सोलापूरहून कर्नाटकातल्या रायचूरला जाणारी ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिण भारत बाकीच्या देशाशी एका तारेत आला. याचा फायदा मोठा आहे. एका ठिकाणी वीज कमी पडली तर दुसरीकडून येते. पण जोडलेल्या घरांना जशी एकमेकांच्या भिंतीची काळजी, तशी ही काळजीही वाढते. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारतातली लाईट गेली, दुसऱ्या दिवशी साठ कोटींच्या आसपास लोकांच्या भागात अंधार होता. त्याचं कारण सूर्य नव्हतं, तारांवरचा बोजा होता. पण एक भाग पडला की शेजारचा कसा ओढला जातो, ते त्यातून दिसलं.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. गावची डीपी जळली तर दुसरी आणून बसवता येते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतही येते. टावर लाईनीचा ट्रान्सफॉर्मर शेकडो टन वजनाचा असू शकतो. तो मागणी दिल्यावर बनवायचा, भरपूर चाकांच्या गाडीवरून हळूहळू आणायचा, यात वर्ष जाऊ शकतं. म्हणून असा एक ट्रान्सफॉर्मर वाचवणं फार महत्त्वाचं.

दिलासा असा की हे वादळ न सांगता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. भूकंपाने कुणाला सावध केलं नाही. सूर्याकडून ढग निघाला की तो मात्र दिसतो. आपल्या इस्रोचं आदित्य एल-१ हे यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर राहून सूर्यावर नजर ठेवून आहे. सूचना मिळाली की वीज सांभाळणारी माणसं तारांवरचा बोजा कमी करू शकतात, दुरुस्तीला काढलेल्या लाईनी परत जोडू शकतात, काही लाईनी थोडा वेळ बंद ठेवू शकतात. १० आणि ११ मे २०२४ ला गेल्या वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं वादळ आलं. लडाखमध्ये हानले इथून आकाश लालसर दिसलं. न्यूझीलंडने आपल्या काही लाईनी आधीच बंद ठेवल्या आणि तिथली वीज टिकली. अमेरिकेत मात्र उपग्रहाच्या इशाऱ्यावर पेरणी करणारे ट्रॅक्टर सरळ रेषा चुकू लागले, काही शेतकऱ्यांनी पेरणी थांबवली. आपल्या ज्या गटांकडे फवारणीचं ड्रोन आहे, त्या ड्रोनदीदींनी हे ध्यानात ठेवा. ड्रोनही उपग्रहाच्या इशाऱ्यावर उडतं. मोठ्या वादळाची खरी सूचना असेल, त्या दिवशी फवारणी पुढे ढकला.

आता आपल्या हातात काय, ते बोलू. सूर्याला थांबवणं आपल्या हातात नाही, टावर लाईनही आपल्या हातात नाही. पण लाईट दोन-तीन दिवस नसेल तर गाव कसं चालेल, हे आपल्या हातात आहे. लाईट सूर्याच्या वादळाने जाते, विजेच्या कडकडाटाने जाते, अवकाळी पावसात खांब पडल्याने जाते. कारण कुठलंही असो, त्रास तोच असतो. आणि तो आधी बाईच्या डोक्यावर येतो, कारण लाईट गेली की पहिलं पाणी जातं. नांदेडला विष्णुपुरीचं पाणी मोटरने उचललं जातं. लातूरला मांजरा धरणाचं पाणी पंपाने येतं. गावच्या टाकीत पाणी चढतं तेही मोटरने. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा धरण आटलं होतं. पण धरण भरलेलं असूनही पंपाला लाईट नसेल, तर बाईच्या डोक्यावर तोच हंडा येतो.

म्हणून प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत पाच कामं विषयपत्रिकेवर घ्या.

पहिलं, गावातले हातपंप आणि आड-विहिरी पाहून घ्या. किती चालू, किती बंद, कुठल्याचं पाणी पिण्याजोगं आहे, हे रजिस्टरमध्ये लिहा. बंद हातपंपासाठी ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच महत्त्वाची.

दुसरं, ज्यांचा जीव लाईटवर अवलंबून आहे अशा घरांची यादी आशाताईंसोबत करा. कुणाला ऑक्सिजनचं यंत्र लागतं, कुणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये आहे. इन्सुलिन ओल्या मातीच्या मडक्यात कसं गार ठेवायचं, ते डॉक्टरांकडून आधीच विचारून घ्या. आरोग्य केंद्रातला लसीचा फ्रीज लाईट गेल्यावर विनाकारण उघडायचा नाही, झाकण बंद असेल तर आतला बर्फ थंडावा धरून ठेवतो.

तिसरं, थोडी रोख रक्कम आणि दळलेलं पीठ. लाईट गेली की मोबाईलचा टावर काही तासांनी बंद पडू शकतो. मग फोनवरून पैसे देणं-घेणं थांबतं, गिरणीही थांबते. दोन-चार दिवसांचं पीठ आणि घरखर्चाची रोकड घरात असू द्या.

चौथं, शेतातल्या मोटरला कपॅसिटर लावा आणि ऑटो स्विच काढा. आपल्याकडे हे काम पुरुषांचं समजलं जातं. पण मोटर जळल्यावर रिवाइंडिंगचा खर्च गटाच्या कर्जातूनच जातो, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. ऑटो स्विच असले की लाईट येताक्षणी शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. मोठ्या अंधारानंतर लाईट परत आणताना हाच धक्का जड जातो आणि लाईट पुन्हा जाते. हा विषय घरी काढा, ग्रामसभेतही काढा.

पाचवं, लाईट गेली की फ्रीज, टीव्ही, मोटर यांची बटणं बंद करा. एक बल्ब तेवढा चालू ठेवा. लाईट आली, बल्ब स्थिर जळू लागला की दहा-पंधरा मिनिटांनी एक-एक वस्तू सुरू करा. तक्रारीसाठी १९१२ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. आणि तुटलेल्या तारेजवळ कुणीही, लेकरू किंवा जनावर, जाऊ देऊ नका. डीपीवर स्वतः चढणं, फेज टाकणं हे तर नकोच. सूर्याच्या वादळाने आपल्या भागात कुणाचा जीव जाणार नाही, पण डीपीवर चढल्याने गेलेले जीव आपल्या गावांनी पाहिले आहेत.

राहिला तो मेसेज. त्याला तीन प्रश्न विचारा. कुणी पाठवला, त्या संस्थेचं नाव आहे का? तारीख आहे, की नुसतं "आज रात्री" लिहिलं आहे? आणि शेवटी "दहा जणांना पाठवा" असं म्हटलं आहे का? नाव नाही, तारीख नाही आणि पुढे पाठवायची घाई आहे, तर तो मेसेज तिथेच थांबवा. खरी सूचना तहसीलमधून, ग्रामपंचायतीतून, आकाशवाणीवरून येते. घरात सेलवर चालणारा एक छोटा रेडिओ ठेवा. मोबाईल बंद पडल्यावरही त्यावर बातमी कळते.

ताईंनो, बचत म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. चांगल्या दिवसांत थोडं बाजूला टाकायचं, म्हणजे वाईट दिवसांत हात पसरावा लागत नाही. पैशाची बचत आपण शिकलो. आता पाण्याची, पिठाची, माहितीची तशीच बचत करू. येत्या बैठकीत हातपंपांची यादी तयार करा आणि प्रभाग संघाच्या बैठकीला ती सोबत आणा. आपण सगळ्या गावांच्या याद्या एकत्र करू आणि पंचायत समितीकडे घेऊन जाऊ.